डोळे आखलेली बारा हरणं

शनिवार, २३ जानेवारी १९९९. फरवानिया

आज मालक अबू फहद स्वतः राई भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आला. आमच्या धंद्याचा एक फायदा आहे. पाण्याच्या टाक्या बनवतो, त्यामुळे मालकाची गाडी दिसली की माणूस पटकन टाकीत शिरतो आणि आतून ठोकत बसतो. आम्ही पाचही जण आत गेलो होतो. मालकाने माझ्याच टाकीवर टकटक केली.

"जयराम, तुम इंडिया में मूर्ती बनाता था?"

मी टाकीतून डोकं बाहेर काढलं. आखातात आल्यापासून सहा वर्षांत ही गोष्ट मी मालकाला कधी सांगितली नव्हती. मागे आमच्याच बाजूचा फोरमन मुनव्वरभाई मिशीत हसत उभा होता, तेव्हा कुणाचं काम ते कळलं.

झालंय ते असं. पुढच्या महिन्यात जहराला शिकारीचं आणि कॅम्पिंगचं मोठं प्रदर्शन आहे. अबू फहदने तिथे धनुष्यबाणाचा स्टॉल घेतलाय. अमेरिकन धनुष्यं विकायची आणि लोकांना तिथेच बाण मारून बघू द्यायचे. त्यासाठी त्याला बारा हरणं हवीत, खऱ्या मापाची. टाकीभोवती आपण जो फोम मारतो त्याच्यात बाण छान रुततो, हे ह्या गृहस्थाने घरी करून बघितलंय. त्याने माझ्या हातात एक कॅटलॉग ठेवला. "ऐसा. बारा. सेम सेम."

मी मान डोलावली. मुनव्वरभाईने मात्र तिथल्या तिथे माझं घोडं पुढे दामटलं. म्हणाला, "ह्याला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इजाजा पाहिजे." इजाजा म्हणजे सुट्टी. उन्हाळ्यात टाक्यांचा सीझन, तेव्हा इथे कुणी सुट्टीचं नाव काढत नाही. सहा वर्षं मी सुट्टीवर जातो तो एक वर्षाआड, जानेवारीत, आमचे गणपती बुडून चार महिने झाल्यावर.

अबू फहदने कॅटलॉगवर बोट आपटलं. "पहले हिरन. लोग खुश, तो इजाजा."

झालं. आता सगळं त्या हरणांवर.

सोमवार, २५ जानेवारी

बाळाचं पत्र पुन्हा वाचलं. बाळा माझा धाकटा भाऊ. आमची कुडाळजवळ गणपतीची शाळा आहे, आजोबांपासूनची. शाळा म्हणजे जिथे मूर्ती घडतात ती पडवी. दरवर्षी गावातल्या चाळीस घरांचे पाट आमच्याकडे येतात, ज्याच्या त्याच्या पाटावर त्याची मूर्ती घडते. मूर्तीचे डोळे बाबा आखायचे, नाहीतर मी, बाकी कुणी ब्रशला हात लावायचा नाही. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी येऊन निभावून नेलं, गेल्या वर्षी बाळाने स्वतः आखले.

चाळीसच्या चाळीस गणपती रागावलेले निघाले. माझ्या बायकोने, चंपाने, तेव्हा लिहिलं होतं, "आपल्या घरचा गणपती माझ्याकडे असा बघत होता की पाच दिवस मी त्याच्यासमोर जपून वागले." मी ते वाचून खूप हसलो होतो. आता हसू येत नाही. बावीस घरांनी बाळाला सांगितलंय, जयराम येणार असेल तर पाट पाठवू, नाहीतर कुडाळच्या बाजारातून प्लास्टरचा आणू. बावीस गेले की उरलेले अठराही जाणार आणि शाळा बंद होणार.

यंदा चतुर्थी तेरा सप्टेंबरला आहे. मला ही इजाजा हवीच.

मंगळवार, २ फेब्रुवारी

नऊ धडं कोरून झाली. फोमचा भुगा नाकात, कानात, आमटीत. रूमवरचे म्हणतात, जयराम खोकला की बर्फ पडतो. टाकीचा फोम कापायच्या सुरीने मान छान निघते. पाय मात्र रडवतात. हरणाचा पाय इतका बारीक असतो हे कॅटलॉगमध्ये कळत नाही. आत सळई घातली, तरी एक हरण आज दुपारी सगळ्यांच्या देखत गुडघ्यावर बसलं. मुनव्वरभाई म्हणाला, "राहू दे तसंच. हा नमाज पढतोय." त्याचं तोंड काही बंद होत नाही.

सहा वर्षांनी हाताने पुन्हा आकार घडवला. सुरुवातीचे दोन दिवस हात गेलाय असंच वाटलं होतं. काल एका मादीची मान वळवली आणि ती जिथे थांबायला हवी तिथे आपोआप थांबली. दिवसभर बरं वाटत होतं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

सुट्टी, पण मी वर्कशॉपमध्येच. आज डोळे.

कॅटलॉगमधल्या हरणाचा डोळा म्हणजे काळा मणी. तसाच एक ठिपका देऊन बघितला. ते हरण मेलेलं दिसायला लागलं. दुसऱ्यालाही दिला, तेही मेलं. मग मी आपले दोन्ही ठिपके पुसून टाकले आणि मला येतं तसं केलं. आधी पांढरं, मग वरची पापणी, खालची रेघ, बाहुली, आणि शेवटी बाहुलीत पांढरा कण. सकाळी आंघोळ करून आलो होतो, पोटात काही नव्हतं, आणि आखताना बोललो नाही. बाबांची शिस्त होती, सगळे डोळे एकाच दिवशी. हरणांना ही शिस्त लागू नाही हे मला कळतं. पण दुसऱ्या पद्धतीने हात चालतच नाही.

चारच्या सुमारास बारावं हरण संपलं आणि मुनव्वरभाई बायकोला, हफिजाभाभींना, घेऊन आला. भाभींनी सांदणं आणली होती, नारळाच्या रसात बुडवून. मी उभ्या उभ्या सहा खाल्ली. भाभी हरणांमधून फिरत होत्या. वळलेल्या मानेच्या मादीसमोर थांबल्या.

"हिला मी कुठंतरी बघितलंय," म्हणाल्या.

"कॅटलॉगमध्ये," मी म्हटलं.

"कॅटलॉगात नाय हो भावजी. मे महिन्यात तुमचं पार्सल घेऊन तुमच्या घरी गेले नव्हते? दोन तास बसले. हिनंच तर मला सोलकढी दिली."

मुनव्वरभाई खो-खो हसला. मला विनोद कळला नाही. भाभींनी जाता जाता त्या मादीच्या कपाळावरून हात फिरवला. नवराबायको दोघंही सारखेच चेष्टेखोर.

बुधवार, १० फेब्रुवारी. जहरा

प्रदर्शन उघडलं! एवढं मी आयुष्यात एका जागी पाहिलं नव्हतं. उघड्या मैदानावर दीडशे तंबू. एकीकडे बहिरी ससाण्यांची रांग, प्रत्येकाच्या डोक्यावर चामड्याची टोपी, डोळे झाकलेले. टोपी काढली की तो इकडे तिकडे असा बघतो की आपणच गुन्हा केलाय. एकीकडे तंबू उभारायची शर्यत. तीन पोरं आणि त्यांचा बाप, चार मिनिटांत तंबू उभा, आणि आजोबा आत बसून कॉफी मागतायत. एक इंग्रज हरणाला बोलवायची शिटी विकतो. तो फुंकतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. आमच्याकडचं भेकरू असा आवाज ऐकून खाडी ओलांडून पळून जाईल, पण मी कुठे बोलू. वाळूच्या ढिगावर जीप उभ्याच्या उभ्या चढवतात. कॉफी भाजल्याचा वास सगळीकडे. मला पास मिळालाय, गळ्यात अडकवून मी पण सगळीकडे साहेबासारखा फिरलो.

आमच्या स्टॉलवर मात्र अघटित घडलं. बारा हरणं रांगेत, पुढे दोरी, धनुष्य शिकवायला एक इजिप्शियन उस्ताद. गर्दी तर तुडुंब. पहिला माणूस आला, बाण लावला, ओढला, डोळा बारीक केला. आणि खाली घेतला. काहीतरी बोलला आणि हसला. मुनव्वरभाईने सांगितलं, "म्हणतो, वल्ला, देवाशपथ, हा माझ्याकडे बघतोय."

दुसऱ्याने ओढला, खाली घेतला. तिसऱ्याच्या बायकोने त्याचा दंडच धरला. संध्याकाळपर्यंत एकही बाण सुटला नाही. दोरीखालून पोरं मात्र आत शिरली. कुणी हरणाला खजूर भरवतंय, कुणी मानेला मिठी मारून फोटो काढतंय. एका चिमुरडीने स्वतःची गुलाबी क्लिप काढून मादीच्या कानाला लावली. उस्ताद डोक्याला हात लावून बसला. अबू फहद लांबून बघत होता.

लोक खूश तर इजाजा. आणि लोक बाणच मारत नाहीत.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

सकाळी अबू फहदने सांगितलं, डोळे रंगवून टाक.

मी ब्रश घेतला, तपकिरी रंग घेतला, पहिल्या हरणासमोर बसलो. बसूनच राहिलो. एकदा आखलेला डोळा पुसायचा नसतो. मूर्ती पाण्यात जाते ती उघड्या डोळ्यांनी. मुनव्वरभाई शेजारी येऊन उकिडवा बसला.

"आमच्यात म्हणतात, असले डोळे काढूच नयेत. आणि तू काढलेस ते पुसत नाहीस. आपल्या दोघांत एक तरी अक्कलवाला हवा होता."

"तूच पूस."

त्याने ब्रश घेतला. हरणाकडे बघितलं. ब्रश परत डब्यात ठेवला. "चल, दुसरं काहीतरी करू."

दुसरं म्हणजे आम्ही बाराही हरणं उलटी फिरवली, शेपट्या लोकांकडे. पहिल्याच गिऱ्हाइकाने धनुष्य उस्तादच्या हातात परत दिलं. पाठमोऱ्या जनावराच्या ढुंगणावर बाण मारला तर घरी तोंड कसं दाखवू, असं म्हणाला आणि सगळी रांग हसत सुटली.

मग मुनव्वरभाईला ससाण्यांच्या टोप्या आठवल्या. आम्ही काळ्या कापडाच्या बारा पट्ट्या फाडून हरणांच्या डोळ्यांवर बांधल्या आणि त्यांना पुन्हा पुढे वळवलं. ते तर फारच वाईट झालं. बारा हरणं डोळे बांधून रांगेत उभी, समोर माणूस शस्त्र घेऊन. एक म्हातारी बाई येऊन अबू फहदला तोंडावर बोलून गेली. काय बोलली ते मुनव्वरभाईने मला सांगितलं नाही, म्हणजे बघा. मी पट्ट्या सोडल्या. पोरं परत आली.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

आज काय काय झालं ते नीट लिहितो.

दुपारी शिकारी कुत्र्यांचं प्रात्यक्षिक होतं. सलूकी म्हणतात त्यांना. हडकुळी, लांब तोंडाची, आणि पळतात म्हणजे दिसतच नाहीत. एका म्हाताऱ्या बदूच्या, म्हणजे वाळवंटात राहणाऱ्या अरबाच्या, दोन होत्या. यंत्राने ओढलेल्या कातड्याच्या गाठोड्यामागे त्या पळणार, असा बेत. लोक मैदानाच्या दोन्ही बाजूंना. गाठोडं सुटलं, एक कुत्री त्याच्यामागे गेली. दुसरीने मान वळवली, आमची रांग बघितली, दोरीवरून उडी मारली आणि सरळ माझ्या हरणांवर!

लोक ओरडले. मीही ओरडलो, मराठीत. हरणाच्या हातभर अंतरावर ती थांबली. वास घेतला. मादीच्या पायाशी एक चक्कर मारली, पुन्हा वास घेतला, आणि मग इतकी ओशाळली की शेपूट घालून तिथेच बसली. सगळं मैदान हसत होतं. म्हातारा आला, तिचा कान धरला आणि मला काहीतरी सांगून माझ्या हातात मूठभर खजूर ठेवले. मुनव्वरभाई म्हणाला, "बोलतो, हिला नऊ वर्षांत कुणी फसवली नव्हती." दोन मिनिटं मी हवेत होतो.

तेवढ्यात अबू फहद आला. गर्दी जमलेली, उस्ताद तयार, अशी संधी पुन्हा येणार नव्हती. त्याने धनुष्य माझ्याच हातात दिलं.

"तुम बनाया, तुम मारो. एक. तुम मारेगा तो सब मारेगा." आणि हळू आवाजात, "मारो, इजाजा लो."

उस्तादने माझा कोपर सरळ केला. मी बाण ओढला. समोर वळलेल्या मानेची मादी होती, कानाला अजून ती गुलाबी क्लिप. मी मासे खाणारा माणूस आहे. कोंबड्या कापल्यात. तो फोम होता, मीच टाकीच्या सुरीने कापलेला, हे मला माहीत होतं. मी बावीस घरं आठवली, शाळेची पडवी आठवली, बाळाचं पत्र आठवलं. सगळं आठवून झालं, तरी बोटं काही सुटेनात. शेवटी दोरी हळूहळू पुढे सोडली, बाण काढून उस्तादला दिला आणि अबू फहदला सांगितलं, "मा अगदर." मला जमत नाही. सहा वर्षांत मालकाला मी पहिल्यांदाच नाही म्हटलं, आणि तेही भर बाजारात.

आधी लोक हसले, मग टाळ्या वाजवायला लागले. कसल्या टाळ्या कोण जाणे, चेष्टाच असणार. अबू फहद वळला आणि निघून गेला.

मी स्वतःच्या हाताने इजाजा घालवली. फोमच्या एका हरणासाठी. हे बाळाला कोणत्या तोंडाने लिहू?

शनिवार, १३ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. सकाळी गेलो तर उस्तादने गवताची गोल चकती आणून बाण तिच्यावर सुरू केले होते. धनुष्यं खपत होती. माझी हरणं बाजूला एका कृत्रिम हिरवळीवर उभी करून ठेवली होती, दोरीच्या बाहेर, अडगळीत टाकल्यासारखी. तिथे इतकी गर्दी की मला माझीच हरणं दिसेनात. फोटोवाल्या पठाणाने तर खुर्ची टाकून दुकानच मांडलं.

अबू फहद वही घेऊन उभा होता. एकामागून एक शेख येतात, हरणाकडे बोट दाखवतात, काहीतरी सांगतात, आणि तो त्यांचे फोन नंबर लिहून घेतो. इतक्या तक्रारी! मी मोजल्या, सतरा झाल्यावर मोजायचं सोडलं. मुनव्वरभाईला विचारलं, हे काय म्हणतायत? तो म्हणाला, "मला मालकाने तोंड बंद ठेवायला सांगितलंय." आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाचं ऐकलं, तेही आजच.

सोमवार, १५ फेब्रुवारी

अकरा वाजता ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर माझा पासपोर्ट. इथे पासपोर्ट मालकाकडे असतो आणि तो टेबलावर दिसला की माणसाने सामान बांधायला लागायचं. मी बांधायच्या तयारीनेच उभा होतो.

अबू फहदने चहा मागवला. हेही वाईटच लक्षण. मग वही उघडून माझ्यापुढे सरकवली. बंगल्यांच्या बागा, वाळवंटातले तंबू, एक शाळा, दोन हॉटेलं. हरणं हवीत. उंटही हवेत. एकाला तर ती सलूकी हवी होती, ओशाळून बसलेली.

"वो आँख," अबू फहद स्वतःच्या डोळ्यांखाली बोट फिरवत म्हणाला, "वो आँख सेम सेम. आँख नहीं, तो मैं नहीं लेगा." मग पासपोर्ट उचलून माझ्या हातात दिला. "अगस्त बीस जाओ, सितंबर तीस आओ. पूरा इजाजा."

मी विचारलं, "मी बाण मारला नाही, तरी?"

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, त्या दिवशी रात्री त्याच्या धाकट्या मुलीने त्याला विचारलं होतं की त्या माणसाला तू मारायला का सांगितलंस. हे त्याने अरबीतच सांगितलं आणि मुनव्वरभाईने दारात उभं राहून मला सांगितलं. सांगता सांगता मुनव्वरभाईने दोनदा नाक शिंकरलं. सर्दी झाली असेल, जहराला रात्री थंडी असते.

पासपोर्ट उशाखाली ठेवून झोपतोय.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

फरवानियाच्या टेलिफोन बूथवर दीड तास रांग. गावातल्या दुकानात फोन लागला, दुकानदाराने पोर पाठवून बाळाला बोलावलं. धापा टाकत आला. मी त्याला सगळं सांगितलं, हरणं, कुत्री, बाण, इजाजा. वीस ऑगस्टला निघतो म्हटलं. म्हटलं, बावीसच्या बावीस घरांना सांग पाट पाठवा, डोळे कोरे ठेव, मी येऊन सगळे आखतो.

मला वाटलं तो नाचेल. पलीकडे नुसता आवाज येत होता, कोंबड्यांचा.

"बाळा? ऐकतंस मां?"

"ऐकतंय." मग थांबून म्हणाला, "दादा, तू यंदा येतलंस. पुढच्या वर्षी?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"गेल्या वर्षी लोक हसले, तां माका चालला. पण बाबांनी माका कधी ब्रश हातात धरूकच दिलो नाय. तुका दिल्यानी. मी तुज्या येण्याची वाट बघतंय ती शिकूक."

गेल्या वर्षीच्या त्या वाकड्या डोळ्यांवर मी हसलो होतो. पोराला कुणी शिकवलंच नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि मी इथे बसून इजाजा, इजाजा करत होतो, जणू काही चाळीस घरांचे गणपती माझ्या एकट्याच्या हातावर अडून बसलेत. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर आनंदही इतका झाला की बूथमध्ये डोळे पुसावे लागले.

मी म्हटलं, "पंधरा दिवस मातीच्या गोळ्यांवर शिकवतंय तुका. आंघोळ करून, उपाशी, तोंड बंद. जमतला?"

"तोंड बंद?" बाळा म्हणाला. "तां जरा कठीण आसा."

"मगे चाळीसच्या चाळीस तू आखूचे. मी बाजूक बसतंय."

"आणि वाकडे इले तर?"

"इले तर इले. मी ब्रशाक हात लावचंय नाय."

मागे रांगेतला बंगाली दारावर ठोकत होता. बाळा अजून काहीतरी विचारत होता, पापणी आधी की बाहुली आधी, आणि मी त्याला ओरडून सांगत होतो, आधी पांढरा, बाळा, आधी पांढरा.